सनदच्या डेपोतलं गाऱ्हाणं

कमालसाहेबांच्या केबिनमधून अरुणा कर्णिक बाहेर आली ती कानशिलं लाल करून. आता, कमालसाहेब काही वाईट माणूस नव्हे. बहारीनचेच, कंपनीचे मॅनेजर, कधी आवाज चढवायचे नाहीत. त्या दिवशीही त्यांनी तिला चहा पाजला आणि चहा पाजता पाजताच सांगितलं, "मिसेस कर्णिक, नव्या वर्षापर्यंत ड्रायव्हर लोकांनी तुमचा चार्ट वापरला तर ठीक. नाहीतर कम्प्युटर विकून टाकतो. डिपार्टमेंट खलास."

डिपार्टमेंट म्हणजे तरी काय हो? अरुणा आणि ते मशीन! पंच्याऐंशी सालची गोष्ट. कंपनीच्या बसगाड्या मजुरांना कॅम्पवरून कामावर न्यायच्या आणि पोरांना ईसा टाउनला शाळेत पोचवायच्या. डेपो सनदला, ड्रायव्हर बहुतेक आपले कोकणातले. कुणाला कुठली पाळी आणि कुठली बस, हे कम्प्युटरने ठरवावं म्हणून अरुणाने चांगला प्रोग्रॅम लिहिला होता. मशीन रोज झोकात चार्ट छापायचं, आणि ड्युटी लावणारा ताहिर लाल पेन्सिल घेऊन तो रोज जमेल तितका उलटापालटा करायचा. आठवडाभरात त्या चार्टात खारे बांगडे बांधले जाऊ लागले.

डिपार्टमेंट गेलं की ती पुन्हा 'राजनची बायको' होणार होती. राजन बँकेत, स्वभावाने लाख माणूस, पण म्हणून काय झालं? पुण्यात धडपडून कम्प्युटर शिकायचा, इथे येऊन दोन वर्षं नोकरीसाठी चपला झिजवायच्या, आणि शेवटी भिशीच्या बायकांपुढे चिवड्याची कृती सांगत बसायचं? छे! नुसत्या विचारानेच तिला रडू यायचं.

आणि चूक कुठे झाली तेच कळेना. तिने तर एकेका ड्रायव्हरला ऑफिसात बोलावून, खुर्ची देऊन विचारलं होतं. अशी पाळी चालेल? चालेल मॅडम. असा चार्ट हवा? हवा मॅडम. बस बदलली तर? काय हरकत नाय मॅडम. मग आता ही मंडळी रुसली कशावर?

अशा वेळी एका ओळखीच्या घरी भेटला डॉक्टर गुरुप्रसाद, काही महिन्यांसाठी बहारीनला आलेला. पुण्याचाच, पण विलायतेतल्या एका विद्यापीठात संशोधक. लोकांना कम्प्युटरकडून नेमकं काय हवं असतं आणि ते त्यांना विचारायचं कसं, हा त्याचा विषय. "आम्ही हे प्रयोग विद्यार्थ्यांवर करतो अरुणाताई, आणि निबंध लिहितो. खरी कंपनी, खरी माणसं मिळाली तर त्याला काही अर्थ," तो म्हणाला. अरुणाला अर्थाची पडली नव्हती. तिला मदतीचा हात हवा होता, कुणाचाही.

त्याने पहिल्याच दिवशी एक खोडसाळपणा केला. तिच्या जुन्याच प्रश्नांत एक फालतू प्रश्न घुसडला: कोणत्या ड्रायव्हरने कोणत्या रंगाचा शर्ट घालावा, हेही कम्प्युटरने सांगावं का? आणि काय सांगू तुम्हाला, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळे म्हणाले, "व्हय मॅडम, बरा होयत."

अरुणा आधी पोट धरून हसली आणि मग तिचा चेहरा पडला. साहेबाच्या खुर्चीसमोर बसून 'नाही' कोण म्हणणार? व्हिसा साहेबाच्या हातात, गावाकडची चूल त्या व्हिसावर. ज्या होकारांवर तिने आख्खा प्रोग्रॅम उभा केला, ते सगळे होकार असे पोकळ निघाले.

"मग नकार काढायचा कसा यांच्या तोंडून?" तिने विचारलं.

"ते मला ठाऊक असतं तर मी इथे घाम गाळत बसलो असतो का?" गुरुप्रसाद म्हणाला. विद्वान असला तरी माणूस सरळ होता.

उत्तर मिळालं दसऱ्याला. डेपोत दरवर्षी बसगाड्यांची पूजा व्हायची. झेंडूचे हार, चाकाखाली लिंबं, आणि गाड्यांपुढे गणपतीची तसबीर. अरुणा प्रसादाला गेली, सोबत गुरुप्रसाद. सगळ्यांत जुने ड्रायव्हर दाजी नारळ हातात घेऊन उभे राहिले, मागे सगळी मंडळी हात जोडून. कोकणात देवाला गाऱ्हाणं घालतात ते असं: एकाने सगळ्यांच्या वतीने बोलायचं, बाकीच्यांनी एका आवाजात दुजोरा द्यायचा.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या परमुलखात तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत!"

"व्हय म्हाराजा!"

"रात्रीची पाळी करून इल्ल्या माणसाक पहाटे शाळेच्या गाडयेर धाडतत. तेचे डोळे मिटतत. पोरांका सांभाळ, आणि धाडणाऱ्याक बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"एका खोलयेतले सगळे एकाच पाळयेक घालतत. मगे चूल कोण पेटयतलो? ह्या काय ता सुरळीत कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा आवाज जरा जास्तच मोठा होता.

"बाळाजीक रोज थंडगार बस आणि शंभूक रोज भट्टी. कोणाचा काय चुकला असात तर पदरात घे, पण शंभूक एकदा तरी गार वारो लागांदे रे म्हाराजा!"

अरुणाच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिचं आजोळ कुडाळचं. शब्दन् शब्द कळत होता. बाळाजीला रोज एसीची बस का? कारण तिने नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावली होती आणि मशीन चांगली बस पहिल्या नावाला देऊन मोकळं व्हायचं! बिचारा बाळाजी. मॅडमच्या घरी ओल्या काजूंची पिशवी पोचवतो, असा त्याच्यावर आळ होता.

"भाषांतर करा, लवकर!" गुरुप्रसाद तिच्या कानाशी कुजबुजला.

"थांबा हो," ती डोळे पुसत म्हणाली. "मला जे सहा महिन्यांत कळलं नाही ते हे लोक देवाला सांगतायत, आणि तुम्हाला भाषांतर सुचतंय!"

माणसाला सांगायचं म्हटलं की नाव येतं, नाव आलं की भीती आली. गाऱ्हाण्यात बोलणारा एक, पण बोलणं सगळ्यांचं, आणि ऐकणारा देव. साहेबाला राग यायला जागाच नाही. हे अरुणाला उमगलं आणि गुरुप्रसादला तर रात्रभर झोप आली नसावी, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तो योजना घेऊनच हजर. मुहर्रकला कंपनीचा दुसरा डेपो होता, तिथे ऑफिसात बसवून विचारायचं, सनदला गाऱ्हाणं घालायला लावायचं, आणि कोणता चार्ट टिकतो ते पाहायचं.

"डोंबल तुमचं!" अरुणा उसळली. "मुहर्रकला निम्मे पठाण, रस्ते वेगळे, शाळेच्या ट्रिपा नाहीत. आंब्याची फणसाशी कसली तुलना करता? सनदचेच दोन गट करा, चिठ्ठ्या टाकून. आणि दोघांचं एकाच सकाळी उरका, नाहीतर संध्याकाळी जेवताना सगळं एकमेकांना सांगून मोकळे होतील."

गुरुप्रसादने आपल्या योजनेचा कागद चुरगाळला. "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं," तो म्हणाला. मग त्याने आपला हट्टही धरला: चार्ट आवडला का, असं कुणाला विचारायचंच नाही. ताहिरची लाल पेन्सिल कुठल्या गटाच्या चार्टवर किती फिरते तेवढंच बघायचं. यावर मात्र अरुणाने त्याला मनापासून दाद दिली.

दाजी सहजासहजी तयार झाले नाहीत. "गाराणा म्हंजे काय खेळ वाटलो तुमका? देव काय तुमच्या कंपनीत नोकरीक हा?"

"दाजी, नवीन गाडी आणली की रस्त्यावर काढायच्या आधी तुम्ही गाऱ्हाणं घालता ना?" अरुणा म्हणाली. "माझं मशीन म्हणजे माझी गाडीच की. पहिल्यांदा काढली तेव्हा मी नारळसुद्धा ठेवला नाही, म्हणून पंक्चर झाली."

दाजी हसले. "कुडाळची मां गो तू? मगे घालतंय. पण एक अट. गाराण्याक जो हजर, तेना व्हय म्हाराजा म्हणूकच व्हया. आणि म्हटला की मगे मागे फिरूक नाय."

अरुणाने होकार दिला, आणि हा काही पोकळ होकार नव्हता.

मग काय, एका शुक्रवारी अर्धे ड्रायव्हर ऑफिसात खुर्चीवर बसले आणि अर्धे मशीनपुढे हात जोडून उभे राहिले. ऑफिसातून गुरुप्रसाद घेऊन आला सगळे होकार. इकडे गाऱ्हाणं असं रंगलं की नारळ फुटेपर्यंत अरुणाची बोटं लिहून दुखायला लागली. तिने दोन चार्ट बांधले, दोन्ही तितक्याच मन लावून. दिवाळी गेली, थंडी पडली. ऑफिसवाल्या गटाच्या चार्टवर ताहिरची पेन्सिल रोज गरागरा फिरत होती. गाऱ्हाण्याच्या चार्टवर ती आधी अधूनमधून फिरली, मग क्वचित, आणि एके दिवशी ताहिरने तो चार्ट जसाच्या तसा भिंतीवर डकवला आणि वर म्हणाला, "मॅडम, इसमें तो मेरा काम ही मफी!" मफी म्हणजे तिथल्या अरबीत 'नाहीच'.

गुरुप्रसाद तिथल्या तिथे नाचायचाच बाकी राहिला. अरुणाने मात्र आधी दुसऱ्या गटालाही गाऱ्हाण्याच्या चार्टात घेतलं. त्या बिचाऱ्यांनी काय पाप केलं होतं!

वर्ष संपता संपता कमालसाहेब डेपोत आले. गुरुप्रसादने तक्ते दाखवले, ताहिरने भिंत दाखवली. साहेबांनी चार्ट भिंतीवरून काढून वाचला, मान डोलावली, आणि मग ते बोलले, "उत्तम. आता एक छोटी गोष्ट वाढवा. गुरुवारी रात्रपाळी करणाऱ्यांना शुक्रवारी सकाळची एक ट्रिप द्या. शुक्रवारी असेही रिकामेच असतात." आणि ड्रायव्हरांकडे वळून त्यांनी हिंदीत विचारलं, "ठीक है ना?"

सगळ्यांच्या माना खाली. आता एक 'व्हय साब' आला की संपलं सगळं. पुन्हा तोच पोकळ होकार, पुन्हा लाल पेन्सिल, आणि पुन्हा तेच बांगडे. अरुणाला ओरडून सांगावंसं वाटलं, पण तिने ओठ घट्ट मिटून घेतले. हे तिने बोलून चालणार नव्हतं.

दाजी एक पाऊल पुढे आले. "नाय साब," ते म्हणाले. "रातभर गाडी चलाके सुबह नींद आता है. गाडी में आदमी लोग रहता है. ये नहीं होगा, साब."

आणि मागून आख्खा डेपो, सवयीने, एका दमात गरजला, "व्हय म्हाराजा!"

कमालसाहेब दचकलेच. "काय म्हणाले हे सगळे?"

"हो म्हणाले, सर," अरुणा म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "दाजींच्या नाहीला."

साहेबांनी दाजींकडे बघितलं. मग मागे उभ्या बाळाजीकडे, शंभूकडे. "दहा वर्षं मी या लोकांना प्रश्न विचारतोय," ते सावकाश म्हणाले. "आज पहिल्यांदा उत्तर मिळालं." त्यांनी चार्ट पुन्हा भिंतीवर लावला, स्वतःच्या हाताने. "शुक्रवारची ट्रिप राहू दे. मिसेस कर्णिक, मुहर्रकच्या डेपोचं काम कधी सुरू करताय? यल्ला, चला, उशीर नको."

साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि डेपोत एकच कल्ला झाला. शंभूने ताहिरला उचललं, गुरुप्रसादचा चष्मा कुठेतरी पडला. दाजी मात्र एका बसच्या पायरीवर मटकन बसले. अरुणाने त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास दिला.

"दाजी, आता मशीनने तुमच्या शर्टांचे रंगही ठरवावेत का?" तिने विचारलं.

"नाय गो बाय!" दाजी म्हणाले, आणि पाणी सांडेपर्यंत हसले.