टाक्यापाशी दुखतं

पौर्णिमाला सकाळपासून कळा येत होत्या. पहिल्या मुलाच्या वेळी तिचं सिझर झालं होतं. या खेपेला पुन्हा पोट कापू द्यायचं नाही म्हणून सासू इंदिराबाईंनी दुरपता सुईणीला घरीच बोलावलं.

सुईण पोट दाबायला पुढे सरकली, तसा पौर्णिमाने तिचा हात धरला.

"दाबू नोको, बाई. कळ थांबते, पन टाक्यापाशी दुखनं थांबून नाई राह्यलं."

सातव्या महिन्यात नर्सबाईंनी तिला समजावलं होतं. सिझरनंतर नैसर्गिक बाळंतपण होऊ शकतं, पण लागलीच ऑपरेशन करता येईल अशा दवाखान्यातच. आणि कळ नसतानाही टाका दुखत राहिला, तर घरी थांबायचं नाही.

"अवो, जीप आना!" ती नवऱ्यावर ओरडली.

सुरेंद्र जीप घेऊन आला, तर इंदिराबाई दारात आडव्या आल्या.

"कापतील तिले!"

"कापू द्या," पौर्णिमा कण्हत म्हणाली. "मले जगायचं हाये."

इंदिराबाई बाजूला झाल्या.

गडचिरोलीला डॉक्टरांनी तपासून तिला सरळ ऑपरेशनला घेतलं. गर्भाशयावरचा जुना टाका आतून उसवायला लागला होता. बाहेर इंदिराबाई जमिनीवर बसून होत्या. आतून जन्मलेल्या मुलीचं रडणं ऐकू आलं, तरी त्या उठल्या नाहीत. "माय कशी हाये?" बाहेर आलेल्या नर्सला त्यांनी आधी विचारलं. माय सुखरूप होती.

तिसऱ्या दिवशी पौर्णिमाला खोकला आला. टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून इंदिराबाईंनी, नर्सने दाखवलं होतं तशी, उशी तिच्या पोटाशी घट्ट धरली.

"हळू खोक, माय," त्या म्हणाल्या.