मामा, विश्राम!

कुंदनमामा मागे उभा राहिला नाही तर मी बोहल्यावर चढणारच नाही, असं मी जाहीर केलं आणि पिंप्राळ्याच्या आमच्या घरात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. नवरीच्या मागे उभा राहायला मामा लागतो, आणि मला मामा एकच. पण फौजेत असताना सुरुंग फुटला, तेव्हापासून तो सावद्यातल्या त्याच्या घराबाहेर पडत नव्हता. अंगावर ओरखडा नाही, मार सगळा डोक्याच्या आत. मोठा आवाज झाला की थरथरतो, आणि हवा तो शब्द सापडत नाही. चहा हवा असला की 'स्कूटर आण' म्हणतो. मला डिंपल सोडून 'वेफर' म्हणतो.

"मी नै येत," तो म्हणाला. "आवाज झाला अन् मी पयालो, तं तुह्यं लगीन नासीन."

"आवाज होणारच नाही," मी ठोकून दिलं.

धुळ्याला सासऱ्यांना, झुलाल आबांना, फोनवर हे सांगताना वाटलं, मोडलं आता लग्न. पण ते गरजले, "बठ्ठा बंद! डीजे नही, फटाका नही. मामा पहिले!" फोन मी कानापासून हातभर लांब धरला होता. लग्नही सावद्यातच लावायचं ठरलं, तेव्हा कुठे मामा तयार झाला.

अशी वरात सावद्याने पाहिली नसेल. बँडवाले वाद्यं काखेत मारून चालले होते. नवरदेवाचे मित्र कानात इअरफोन घालून नाचत होते, प्रत्येकाचं गाणं वेगळं. आबा तोंडावर बोट ठेवून घोडीलासुद्धा दटावत होते. टाळ्यांऐवजी हात हवेत हलवायचे ठरले होते.

पंडितजी मंगलाष्टकं कुजबुजत म्हणू लागले. पहिलं 'सावधान' आलं आणि माझ्या मागे टाचा जुळल्या. फौजी माणूस, हुकूम तो हुकूम! दुसऱ्या 'सावधान'ला नवरदेवाचे मित्रही ताठ झाले. तिसऱ्याला आबांनी पोट आत ओढलं. हसू दाबता दाबता माझ्या मुंडावळ्या तोंडात गेल्या.

तेवढ्यात आचाऱ्याच्या हातून भलंमोठं पातेलं फरशीवर आदळलं.

सगळा मंडप जागच्या जागी थिजला. मामाचा हात माझ्या खांद्यात रुतला होता. आता हा पळणार आणि पुन्हा कधीच घराबाहेर पडणार नाही! मी अंतरपाटाकडे सरळ पाठ फिरवली. मामाची नजर भलतीकडेच लागली होती.

"मामा," मी हळूच म्हणाले, "विश्राम."

त्याचा एक पाय बाजूला सरकला. हात पाठीमागे गेले. मोठा श्वास सुटला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.

"वेफर, तोंड तिकडे कर," तो डाफरला. "नवरदेव वाट पाहू राह्यला."

मंडपभर हात हवेत हलायला लागले. मी रडत, हसत, काजळ फासत फिरले. पंडितजींनी शेवटचं 'सावधान' म्हटलं, आणि माझ्या मागे टाचा जुळल्या.