उलटी लव

"नऊ खिडक्या आहेत आणि आठ दिवस," म्हणत जाऊबाईंनी खांद्यावरचा मखमलीचा तागा कॉटवर टेकवला.

धाकटी मशीनवरून उठली नाही. हातातला उशीचा अभ्रा पुरा करून, दोरा दातानं तोडून मगच तिनं वर पाहिलं. बारा वर्षांत जाऊबाईंनी या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता.

"दुकानात इतके कारागीर आहेत की."

"आहेत. पण झुली पडत नाहीत गं त्यांच्या. पत्र्यासारख्या ताठ राहतात. तुझेच साचे लावून कापतात, तरी."

झूल म्हणजे खिडकीच्या माथ्यावर, पेल्मेटच्या फळीखाली अर्धचंद्रासारखी लोंबणारी चुण्यांची पट्टी. कापड उरेब, म्हणजे तिरकं धरून कापलं तरच ती लोळते. हे धाकटीनं साच्यांवर कधी लिहिलं नव्हतं. हाताला ठाऊक असलेलं कागदाला कशाला सांगायचं?

पडद्यांचं दुकान दोघा भावांचं. झुली धाकटीनं सुरू केल्या, तेव्हा थोरला दीर हसला होता, "झूल बैलावर घालतात, खिडकीवर कोण घालतं?" मग गिऱ्हाइकं झुलीच मागायला लागली आणि त्याचं हसू आटलं. धाकटीचा नवरा गेला आणि तिसऱ्याच महिन्यात थोरल्यानं भर दुकानात, सहा-सात गिऱ्हाइकांसमोर तिची पिशवी काउंटरवर उपडी केली. खाकी कागदाचे बावीस साचे बाहेर पडले. दहा वर्षं बसून तिनंच काढलेले. "बघा," तो म्हणाला, "दुकानाचे साचे पळवत होती. घरातच चोर निघाला."

गावभर तेच झालं. चोर म्हटलेल्या बाईला कोण आपल्या दिवाणखान्यात शिडी लावू देतो? तेव्हापासून अभ्रे आणि गाद्यांच्या खोळी.

"काम मुलींच्या शाळेच्या नव्या सभागृहाचं आहे," जाऊबाई खाली बघत म्हणाल्या. "तुझं नाव कुठं निघता कामा नये, एवढं म्हणालेत ते."

"नाही निघणार," धाकटी म्हणाली.

जाऊबाई गेल्यावर तिनं तागा उलगडला. गडद लाल मखमल. एका बाजूनं हात फिरवला की मांजरीच्या पाठीसारखी मऊ, उलट्या बाजूनं फिरवला की बोटांना नकार देणारी. मखमलीला लव असते. सगळ्या तुकड्यांची लव एकाच दिशेला लागते, हे शिकाऊ शिंप्यालाही कळतं. एखादा तुकडा फिरवून लावला, तर खोलीत समजत नाही. तिरकं ऊन पडलं की मात्र तो वेगळ्याच कापडाचा वाटतो.

धाकटीनं मखमलीवर आणखी एकदा उलटा हात फिरवला. मग तिनं कात्री घेतली.

सहाव्या दिवशी लेक दवाखान्यातली ड्यूटी संपवून आली आणि सहज एका झुलीवरून हात फिरवून थबकली.

"आई, हिची लव वर आहे. तिची खाली."

"हो."

"चुकलं?"

"आजवर चुकलंय कधी माझं?"

लेकीनं झुलीवरचा हात काढून घेतला. "अगं, शाळेनं काय घोडं मारलंय तुझं?"

"शाळेनं नाही मारलं. तू पोळ्या टाक."

शाळा भरायच्या आत, भल्या सकाळी, शिडीवर चढून झुली बसवायला धाकटी स्वतः गेली. खिडक्या पूर्वेच्या भिंतीत होत्या आणि सकाळचं ऊन झुलींच्या पाठीमागून येत होतं. थोरल्यानं खालून पाहिलं, मान डोलावली आणि निघून गेला. तिनं एक-एक चुणी बोटांनी बसवली. पडण्यात कुठं खोट नव्हती. खोट ठेवायची तर बाकीचं काम चोख हवं, एवढा अभिमान तिच्यात उरला होता.

उद्घाटन दुपारी चारला होतं. धाकटी मागच्या रांगेत भिंतीला टेकून उभी राहिली. थोरला व्यासपीठाजवळ, नव्या कोटात. समोरच्या दारांतून पश्चिमेचं ऊन आत आलं, सरकत सरकत खिडक्यांवर चढलं आणि नऊपैकी पाच झुली काळ्या ठिक्कर पडल्या. उरलेल्या चार निखाऱ्यासारख्या पेटल्या.

आधी मुली खुसखुसल्या. मग पाहुण्यांच्या माना वळल्या. मुख्याध्यापिकाबाई हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कापड कमी पडलं होतं का हो? आम्हाला सांगायचं होतं."

थोरल्याचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. धाकटीनं ते डोळे भरून पाहिलं. बारा वर्षांची भूक होती ती.

पण तेवढ्यात तो बायकोकडे वळला. "हिला विचारा! हिच्यावर सोपवलं होतं. घरातल्या माणसांनीच माती खाल्ली, तर मी काय करणार?"

पहिल्या रांगेतल्या जाऊबाई उठून उभ्या राहिल्या आणि मान खाली घालून तशाच राहिल्या. हा बाण आपण मारला तिथं लागला नाही, हे धाकटीला कळलं. ती खुर्च्यांमधून पुढं आली.

"झुली मी शिवल्यात," ती म्हणाली. "पाचांची लव मी उलटी लावली. मुद्दाम. ह्या दिरांनी मला चोर म्हटलं होतं, म्हणून. जाऊबाईंना यातलं काही माहीत नाही."

थोरल्यानं कोटाचं बटण उगाच काढलं, लावलं. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि त्या नजरा काही कौतुकाच्या नव्हत्या.

ती बाहेर पडली. पायऱ्यांवर मागून जाऊबाईंची हाक आली. धाकटी थांबली. काय बोलतील ते ऐकून घ्यायची तिची तयारी होती.

जाऊबाईंना धाप लागली होती. "मला सांगायचंस गं," त्या म्हणाल्या. "कापताना दुसरं टोक मी धरलं असतं."

मग आतून थोरल्याची हाक आली आणि जाऊबाई सावकाश, मुळीच घाई न करता वर गेल्या.

पाच झुली शाळेनं उतरवल्या. मखमलीवर सुई एकदा गेली की भोक राहतं. ते कापड पुन्हा कामाचं नव्हतं. थोरल्याला पुढं शाळेचं काम मिळालं नाही. धाकटीला तर कुणाचंच नाही. मुद्दाम वाईट काम करणारी बाई म्हणून तिचं नाव झालं. अभ्रे मात्र चालू राहिले.

शाळेवरून जाताना सभागृहाचं दार उघडं असलं की ती क्षणभर थांबते. पाच खिडक्यांचे माथे उघडे आहेत. चार झुली अजून आहेत, आणि त्यांची एकही चुणी ढळलेली नाही.