डबीत काहीच उगवलं नाही

आश्रमशाळेच्या सैपाकघराला कडी घातलेली होती आणि फुलवंता समोरच्या खोलीत चौथा दिवस बसून होती. पाच पोरींना जुलाब लागले, तशी सैपाकिणींची शौचतपासणी निघाली. रिपोर्ट येईस्तोवर चुलीला हात लावायचा नाही, कुणाच्या लेकराला तर मुळीच नाही.

लेकरू तिकडे तिरोड्याला होतं. तिच्या लेकीचं, सोनूचं पहिलं, आठ दिवसांचं. फाटकावरून तिरोड्याची एसटी रोज हॉर्न देत जायची, आणि फुलवंताचं काळीज मागच्या सीटवर बसून जायचं. ती मात्र इथंच.

"आई, तू काऊन येऊन नाही राहिली?" फोनवर सोनू रडकुंडीला यायची. "माले त्याले तेल लावता नाही येत."

"फोन धर त्याच्या कानाशी," फुलवंता म्हणायची आणि गुणगुणायची:

मोहाखाली आजी तुझी फुलं येचते येचते,
तेलाची वाटी घेऊन, राजा, येते रे येते.

दुपारी प्रयोगशाळेचा चंद्रकुमार आला. "मावशी, तुमच्या नमुन्यात बीमारीचा जंतू नाही उगवला."

फुलवंतानं पिशवी उचललीसुद्धा. मोहाच्या बियांचं तेल, जुन्या लुगड्याची लंगोटं, सारं केव्हाचं भरलेलं.

"रुका न! काहीच नाही उगवलं. चांगल्या माणसाच्या पोटातले जंतूही तपासणीच्या प्लेटीवर उगवतेच. तुमची प्लेट एकदम बंजर. जंतू मारायची गोळी खाल्ली?"

"नाही."

"मंग नमुन्याच्या डबीत काही टाकलं? नाही म्हणाल तर मी 'बीमारीचा जंतू नाही' लिहून देतो. तीनची गाडी भेटते तुम्हाले."

परक्या माणसाच्या हाती आपली घाण जाणार, या लाजेनं तिनं डबी पाहुण्याच्या तांब्यासारखी घासली होती. वर दोन झाकणं फिनाईल.

फाटकावर हॉर्न वाजला. तिनं आपले हात पाहिले. याच हातांनी पोरींना वरण वाढलं होतं. हेच हात बाळाच्या टाळूवर जायचे होते.

"फिनाईल टाकली होती, बाबू. वास नोको याले म्हणून."

"अरे देवा! सारे मेले न त्याच्यात! पुन्हा तीन-चार दिवस, मावशी."

"दे दुसरी डबी. आता नाही घासत."

एसटी गेली. तिनं पिशवी खुंटीला टांगली. थंडीत तेल थिजलं होतं; बाटली काढून उन्हात ठेवली. मग फोन लावला.

"सोनू, धर त्याच्या कानाशी."