वरच्या मजल्यावरची पावलं

लॉन्ड्रीत इस्त्री करणाऱ्या मावशींना झोपेच्या गोळ्यांची सवय नवरा गेल्यावर लागली. आधी अर्धी, मग दोन, मग मोजदादच राहिली नाही. एकदा त्या कुणाच्या तरी शर्टावर गरम इस्त्री ठेवून उभ्या-उभ्याच पेंगल्या, तेव्हा मालकाने त्यांच्या मुलीला बोलावून घेतलं. मुलीने त्यांना व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. तिथून बऱ्या होऊन त्या घरी आल्या, पण मुलीचं येणं कमी होत होत फोनवर आलं. फोनवरही पहिला प्रश्न ठरलेला, "घेतली नाहीस ना?"

केंद्रातल्या बाईंनी सांगितलं होतं, "जीव कासावीस झाला की कुणाचे तरी आभार माना. मनापासून."

"घरात मी एकटी. भिंतीचे मानू?"

पण एका संध्याकाळी खरंच राहवेना. औषधाचं दुकान अजून उघडं असणार, हेच डोक्यात घोळत होतं. तेवढ्यात वरच्या मजल्यावर धाडधाड पावलं वाजली. गोळ्यांच्या दिवसांत याच आवाजावरून मावशी वर जाऊन कडाकडा भांडल्या होत्या. आज मात्र बरं वाटलं. कुणीतरी आहे. चप्पल पायात सरकवून त्या वर गेल्या.

दार उघडताच वरच्या बाईंचा चेहरा पडला. "आवाज होतोय ना? सॉरी हं."

"छे हो, मी आभार मानायला आले. तुमची पावलं ऐकू आली की सोबत वाटते."

बाईंना तो टोमणाच वाटला. "लक्षात ठेवीन," एवढंच म्हणून त्यांनी दार लोटलं.

दुसऱ्या दिवशी वर चिडीचूप. मावशी छताकडे बघत बसल्या. होती नव्हती ती सोबतही गेली, तीही आपल्याच तोंडाने घालवलेली! रडू आलं.

मग कान देऊन ऐकलं, तर वर कुणीतरी टाचा उचलून, अगदी जपून चालत होतं. कामावरून दमून आलेली बाई आपल्यापायी स्वतःच्याच घरात चोरासारखी वावरतेय. मावशींना गलबलून आलं. आपला एवढा विचार कुणी शेवटचा कधी केला होता, ते त्यांना आठवेना.

"आभारी आहे हो, बाई," त्या पुटपुटल्या. कासावीस झालेला जीव हळूहळू निवला.

फोन काही वाजला नाही. मावशींनी एकटीपुरता भात लावला, जेवल्या, दिवा मालवला. झोप लगेच आली नाही. पण ती येईपर्यंत नुसतं पडून राहता आलं.