गुडघ्याची गोळी

“आजोबा, खरं सांगा. आजींना कुठली गोळी देत होतात?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

फिटरकाकांनी शेजारी उभ्या असलेल्या लेकीची नजर टाळली आणि खिशातून पाकीट काढलं. “माझीच. गुडघ्यांची.”

“किती दिवस?”

“महिना झाला. सकाळी एक, संध्याकाळी एक.”

बस डेपोत तीस वर्षं गाड्यांखाली घालवून त्यांचे गुडघे कामातून गेले होते. सूज उतरवणारी ही गोळी तेव्हापासून मागे लागलेली. डोकं मात्र शाबूत. बायको टेलिफोन ऑपरेटर. एके काळी शेकडो नंबर तोंडपाठ. आता हातात पेटती काडी घेऊन ती कशाला पेटवली, तेच विसरायची. अशात काकांनी पेपरात वाचलं, की या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये हा विसरण्याचा आजार कमी दिसतो म्हणे. आपलंच बघा की, त्यांना वाटलं. चहाबरोबर गोळी पुढे केली की ती निमूट गिळायची. मधे एकदा तिनं त्यांना ओळखून “अहो, टॉवेल विसरलात” म्हणून हाक मारली, तेव्हा काका नळ सोडून बाथरूममध्ये रडले होते.

आज सकाळी तिला काळी उलटी झाली आणि ती जागीच कोसळली.

“बाबा, मला एका शब्दानं विचारायचं तरी!” लेकीचा आवाज चिरकला.

“तू नको म्हणाली असतीस.”

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. “काही पाहण्यांत तसं दिसलंय, काहींत उलटंच. आजार जडल्यावर देऊन काही उपयोग झालेला नाही. पोटातून रक्त जाऊ शकतं, हे मात्र पक्कं. आता रक्त थांबलंय. जा, भेटून या.”

ती पांढरीफटक पडली होती. काकांनी तिचा हात धरला.

“माझं चुकलं गं. बरं व्हावं म्हणून दिल्या. तुला न सांगता.”

तिनं बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या हातावर थोपटलं.

“होतं असं. मनाला लावून घेऊ नका. घरी जा आता, बायको वाट बघत असेल तुमची.”

“हो. जातो,” काका म्हणाले.

आणि पडद्याबाहेरच्या बाकावर, तिला दिसणार नाही असे, बसून राहिले.