दोन तारखांचं एक लग्न

मित्रांनो, माझा चेहरा उलटा आहे, त्याला माझा इलाज नाही. कागदावर आपटल्याशिवाय मी सुलटा वाचला जात नाही. मी आहे एक जुना पितळी शिक्का, तारखेचा. मूठ शिसवी, तोंड वाटोळं आणि पोटात तीन खाचा : एक दिवसाची, एक महिन्याची, एक सालाची. त्या खाचांत बसवायचे आकड्या-अक्षरांचे बारीक खिळे वेगळ्या डबीत असत. रोज सकाळी नामा शिपाई चिमट्याने कालचा दिवस काढायचा आणि आजचा घालायचा. कालच्या दिवसाचं पुढे काय होतं, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं.

माझा जन्म मुंबईतल्या एका ठशांच्या कारखान्यात झाला. १९२४ साली मी टीपकागदांच्या गठ्ठ्याबरोबर आगबोटीने कुलाबा जिल्ह्यातल्या एका कचेरीत येऊन पोचलो. कचेरी खाडीच्या तोंडाशी होती. तिचं नाव सांगत नाही. कचेऱ्यांची मनं फार हळवी असतात.

तिथे माझं कौतुक झालं. अव्वल कारकून केरोपंत मला कोणाच्या हाती देत नसत. "माणूस खोटं बोलेल, शिक्का बोलायचा नाही," असं ते म्हणत. ऐकून ऐकून मलाही ते पटलं. सकाळी मी पहिला ठसा उमटवल्याशिवाय तालुक्यात दिवस सुरू होत नाही, असाच माझा समज होता.

एक गोष्ट मात्र मला सतावत राही. लोक माझ्यासाठी ताटकळत बसायचे. बाहेरच्या बाकावर बसून माणसं नेमकं काय मोजतात? मला पोटातले तीन खिळे सोडले तर मोजायला काही नव्हतं.

१९३२ च्या जानेवारीत त्या बाकावर कमळ येऊन बसली. कोळीवाड्यातली, विशी ओलांडलेली. तिचा नवरा अनंता तीन वर्षांपूर्वी आफ्रिकेत मोंबासा बंदरावर खलाशी म्हणून गेला होता. त्याने बायकोला बोलावण्याचा परवाना मिळवून पत्रातून धाडला होता. त्यावर अट होती. ९ जूनच्या आत बाईने तिकडच्या बंदरावर उतरायचं. शिवाय ही बाई ह्याच माणसाची लग्नाची बायको आहे, असा तालुक्याचा दाखला बरोबर हवा.

"म्हंजे मी त्याची बायकू हाय, हे त्याला ठावं न्हाय?" कमळने विचारलं.

"त्याला ठाऊक आहे. सरकारला ठाऊक नाही," केरोपंत म्हणाले.

"मंग सरकारला इचारायचं व्हतं लग्नाला यायला."

केरोपंतांनी अर्ज लिहून घेतला आणि मी त्यावर पडलो. अर्ज मिळाल्याची ती नोंद. पुढे मी त्याच कागदावर इतक्या वेळा पडलो की त्याची कड न् कड मला ओळखीची झाली. चौकशीस पाठवला. पाटील मुक्कामी नाही म्हणून परत आला. पुन्हा पाठवला. वर्तणूक ठीक असल्याचं कळलं. फोटो नाही म्हणून थांबला. फोटोत पदर कपाळावर आहे म्हणून पुन्हा थांबला. दर खेपेला कमळ मासळीची पाटी दाराबाहेर ठेवून आत यायची आणि विचारायची, "आज हाय का माझं कागूद?" दर खेपेला कागद असायचा, फक्त तिला द्यायचा नसायचा. जानेवारीचा खिळा निघाला, फेब्रुवारीचा बसला. मार्च, एप्रिल झाले. मे लागला.

मोंबासाची बोट मुंबईहून पंधरवड्याला सुटायची आणि बारा दिवस घ्यायची. ९ जूनच्या आत पोचणारी शेवटची बोट होती बुधवारी, २५ मे रोजी. मामलेदारसाहेब दौऱ्यावरून शनिवारी, २१ तारखेला, सह्या करायला येणार होते. शनिवारी सही झाली नाही, तर परवाना केरोपंतांच्या भाषेत 'कालबाह्य' होणार होता. नवा मागवायला अनंताला पुन्हा तीन वर्षं खटपट करावी लागली असती.

शनिवारी सकाळी केरोपंत दाखल्याचा मसुदा लिहायला बसले. समोर परवाना. चार महिने तो कागद त्यांच्या टेबलावर होता आणि त्याची खालची ओळ त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. तिथे इंग्रजीत लग्नाची तारीख होती : १८ मार्च १९२७.

"लग्न कोणी लावलं? भटजींचं नाव सांग."

"भटजी न्हवता. गोदूबाईनं लावलं," कमळ म्हणाली.

मित्रांनो, त्या किनाऱ्यावर लग्न धवलारीण लावते. ती धवले म्हणते, म्हणजे लग्नाची गाणी, आणि गाण्यांतूनच हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळे विधी पार पाडते. नमुन्यात रकाना होता 'पुरोहिताचे नाव'. केरोपंतांनी थोडा वेळ टाक हवेत धरला, मग 'गोदूबाई' लिहिलं आणि नामाला तिला बोलवायला धाडलं.

गोदूबाई आली. साठीची, कानांत जड कुड्या, आवाज वाऱ्यावर कमावलेला.

"बाई, हे लग्न अठरा मार्चला लावलं ना? इथे अंगठा कर."

"आठरा मार्च म्हंजे कवा?"

केरोपंतांनी जुनं पंचांग काढलं. "फाल्गुन पौर्णिमा. होळी."

गोदूबाईने पुढे केलेला अंगठा मागे घेतला. "होलीला समदा कोलीवाडा होलीच्या म्होरं नाचतो. लगीन कोन लावील? आनि पुनवेला उधानाचं पानी. आमचं लगीन भांगाला लागतं, पंत."

भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचं मंद पाणी. ओढ कमी असते, जाळ्यात काही येत नाही, होड्या किनाऱ्याला असतात. सगळे पुरुष घरी सापडतात, म्हणून लग्नं तेव्हाच उरकतात. हे मला त्या दिवशी कळलं. आठ वर्षं मी त्या खाडीकाठी रोज तारीख सांगत होतो आणि समोरचे लोक दिवस पाण्यावर मोजत होते.

चूक कुठे झाली, ते केरोपंतांनी ओळखलं. मोंबासाच्या कारकुनाने विचारलं असणार, लग्न कधी? अनंता म्हणाला असणार, शिमग्यात. कारकुनाने पंचांगात होळी बघून तारीख टाकली असणार. खरं लग्न आठ दिवसांनी, वद्य अष्टमीला, २६ मार्चला झालं होतं.

"आता तिकडे दोन्ही कागद शेजारी ठेवून बघणार," केरोपंत म्हणाले. "तारखा जुळल्या तर उतरायचं. नाही जुळल्या तर त्याच बोटीने परत. गोदूबाई, आठ दिवसांनी असं काय बिघडतं? कर अंगठा."

"होलीला लगीन लावलं म्हनून अंगठा दिला, तं उद्या मला कोन बोलवील? मी लावलेली समदी लग्नं खोटी पडतील. चाळीस वरसांची."

कमळ तिच्या पायाशी बसली. रडली नाही. "गोदूमावशे, तू खोटं बोलू नको. पन होलीला काय तरी झालं असंल. त्यो शिमगा उगाच न्हाय बोलायचा. मी तवा माहेरी, काशीदला. मला काय ठावं न्हाय."

नवरीला सगळ्यात शेवटी कळतं. दाखल्याच्या बाबतीतही तेच चाललं होतं.

"आठवून बघ, बाई," केरोपंत म्हणाले.

"असं इचारून न्हाय आठवत. म्हनावं लागतं. धवल्यात समदं हाय, पन दिव्याबिगर धवला म्हनत न्हाईत."

कचेरीत दिवसा दिवा कुठला? नामाने लाख वितळवायचा दिवा आणून टेबलावर ठेवला आणि काडी ओढली. केरोपंतांनी तक्रार केली नाही. घड्याळात साडेअकरा झाले होते. साहेब बाराला येणार होते.

गोदूबाईने डोळे मिटले आणि पाच वर्षांपूर्वीचं लग्न पहिल्यापासून लावायला घेतलं. वेस आली, मामा आला, मानकऱ्यांची नावं आली. मग आवाज चढला :

*होलीच्या म्होरं नारल दिला,*
*नारल दिला गो, सबूद दिला,*
*आठा दिसांनी भांगाचं पानी,*
*अनंता घरला, मांडव घातला.*

"थांब," केरोपंत म्हणाले. "नारळ कोणी दिला?"

"हिच्या मामानं, अनंताच्या बापाला. होलीच्या म्होरं, समद्या गावासमोर. तवाच लगीन ठरलं. आनि मधी थांबवू नका पंत, अपशकून हाय."

ती पुढे म्हणत राहिली आणि केरोपंत लिहीत राहिले : 'सदर विवाह दिनांक १८ मार्च १९२७ रोजी होळीसमोर गावाच्या साक्षीने ठरून दिनांक २६ मार्च १९२७ रोजी लागला.' दोन्ही तारखा एका वाक्यात मावल्या आणि त्यांतली एकही खोटी नव्हती. पाठवणी झाल्यावर गोदूबाईने दिवा स्वतः मालवला आणि अंगठा केला. बारा वाजून दहा मिनिटांनी सही झाली. मी पडलो, २१ मे १९३२. इतका स्वच्छ ठसा मी पुन्हा उमटवला नाही.

कमळ बुधवारच्या बोटीने गेली. ती पोचली की परत फिरवली, ते कळायला मार्ग नव्हता. अनंताचं म्हातारं माणूस गावात कोणी उरलं नव्हतं, तेव्हा पत्र येणार कुठे? गोदूबाई मात्र दर भांगाला बाजारातून परतताना दारातून विचारायची, "काय कागूद?" केरोपंत मान हलवायचे. आता कमळच्या जागी ताटकळणारी ती दोघं होती, एक दाराबाहेर आणि एक आत.

१९३६ साली रबरी शिक्का आला. त्याची चाकं बोटाने फिरतात. डबी नको, चिमटा नको. मी खणात गेलो, वाळलेल्या लाखेच्या तुकड्यांत. खिळे मात्र कोणी काढले नाहीत. माझ्या पोटात ४ सप्टेंबर तशीच गंजत राहिली.

दोन वर्षांनी खण उघडला. केरोपंतांच्या हातात मोंबासाचा लिफाफा होता, पत्ता 'गोदूबाई धवलारीण, मार्फत कचेरी'. आत एक फोटो. धक्क्यावर अनंता, कमळ आणि कमळच्या कडेवर एक मुलगी. कमळचा पदर अजून कपाळावरच होता. पंतांचा रबरावर कधी विश्वास बसला नव्हता. पोच घालायला त्यांनी मला उचललं आणि फोटो उलटा केला. मागे अनंताच्या अक्षरात, पण बोल नक्कीच कमळचे : 'मावशेला दाखवावा. भांगाला काढला. इथल्या पाण्यालाबी भांग हाय.'

पंतांनी ती ओळ दोनदा वाचली. मग त्यांनी मला खाली ठेवलं, ठसा न उमटवता.

नामा गोदूबाईला घेऊन आला. तिने फोटो उजेडाकडे धरला.

"कवाचा?"

"तारीख घातलेली न्हाय," नामा म्हणाला. "भांगाला काढला, येवढंच हाय."

"मंग बरोबर हाय," गोदूबाई म्हणाली आणि फोटो पदरात बांधून गेली.

तर मित्रांनो, माझी विनंती छोटीशी आहे. मोठे होऊन तुम्ही कोणत्या तरी टेबलामागे बसाल आणि समोरच्या बाकावर कोणी तरी ताटकळत असेल. त्याच्या कागदाची खालची ओळ पहिल्याच दिवशी वाचा. आणि जमलं तर माझ्या पोटातले खिळे काढून पुसून ठेवा. कालच्या दिवसाचं पुढे काय होतं, ते आता मला कळलंय. कोणी तरी तो गाण्यात जपून ठेवतं. माझ्याच्याने ते होणार नाही.